काळी चारमधले डचवाले

नंदा,

आज रविवार. चार वाजायला आलेत आणि मी सवयीनं तयारीत बसले आहे. भांडी घासून पालथी घातली, खुर्ची खिडकीपाशी ओढली, इअरफोनच्या वायरचा गुंता सोडवला, फोन चार्ज आहे ना ते पाहिलं. मग तुझा नंबर काढला आणि तसाच हातात धरून बसले. परवा तुझं बारावं झालं, आणि तिथे जे घडलं ते सांगावं असं एकच माणूस मला या जगात आहे. ते नेमकं फोन उचलणार नाही. म्हणून लिहायला घेतलं.

तुझ्या आजाराबद्दल मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. तुमच्या मुलुंडच्या घरी जो येतो तो म्हणतो, ‘सुटली बिचारी.’ मला त्या शब्दाचा असा राग येतो की मी चहाचा कप हातात घेऊन सरळ गॅलरीत जाऊन उभी राहते. विलास भावोजी मला काही म्हणत नाहीत. मी तिरसट आहे हे त्यांना तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे, कारण तूच त्यांना बजावून ठेवलं होतंस, ‘शैला फटकळ आहे, मनावर घ्यायचं नाही.’

शाळेत सोमवारी दोघी-तिघी भेटायला आल्या. ‘मॅडम, तुमच्या मैत्रिणीचं कळलं. जवळच्या होत्या का?’ मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, काय करायच्या, मुलं किती, आणि माझं उत्तर देऊन झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुझ्याबद्दल काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? की आम्ही दोघी हॉलंडमधल्या एका म्हाताऱ्या रॉक बँडच्या मागे जन्मभर लागलो होतो? एक मुलुंडची गृहिणी आणि एक बोरीवलीची गणिताची बाई? त्यांना वाटलं असतं मला धक्का बसलाय.

तरी ते सगळं सुरू कसं झालं ते मला एकदा नीट लिहून ठेवायचंय. सांगताना तू मध्येच हसायचीस आणि गोष्ट कधी पुरी व्हायची नाही.

विक्रोळीच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये आपली दारं समोरासमोर होती. तुमचे बाबा फिटर, माझे अण्णा स्टोअरमध्ये. तुमच्याकडे गुरुवारी भजन, आमच्याकडे पौर्णिमेला बुद्धवंदना. मी तुमच्या भजनाला आले नाही, तू आमच्या वंदनेला आली नाहीस, आणि यावरून आपल्यात कधी एक शब्द झाला नाही. आपापली घरं होती, एवढंच. बाकीचा सगळा दिवस आपण एकमेकींच्या घरातच असायचो. तुमच्याकडे मी माशांसाठी यायचे, तू आमच्याकडे आईच्या लाल चटणीसाठी. आणि दहावीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे ते टेपरेकॉर्डरसाठी.

तुझा मालवणचा मामा बोटीवर होता. रॉटरडॅमहून येताना त्यानं एक कॅसेट आणली, त्याच्या बोटीवरच्या कुणा डच माणसानं भरून दिलेली. वर पेनानं बँडचं नाव होतं, पण ते आपल्या तोंडात बसेना. तू म्हणालीस, ‘मरू दे, डचवाले म्हणू.’ पुढे नाव म्हणता यायला लागलं तरी आपण ते कधी वापरलं नाही.

पहिल्यांदा लावली तेव्हा आधी काही ऐकूच येईना. मग खूप लांबून ऑर्गन वाजायला लागला, चार सूर एकेक पायरी खाली उतरत आले, आणि एकदम ड्रम, गिटार, सगळं एकावर एक कोसळलं. तू म्हणालीस, ‘शैले, चर्चमध्ये मारामारी चाललीय का?’ आपण इतक्या हसलो की तुझी आई बाहेर येऊन बघून गेली. पण कॅसेट बंद केली नाही. मारामारी थांबली, बासरी आली, कुणीतरी न कळणाऱ्या इंग्रजीत गायलं, परत तो ऑर्गन आला. एक अख्खी बाजू संपली तरी ते एकच गाणं होतं. आपल्याला तोवर तीन कडवी आणि धृपद एवढंच गाणं माहीत होतं. एवढं मोठं, वळणं घेत कुठेही जाणारं आणि तरी परत दारात येऊन उभं राहणारं गाणं असू शकतं, याचाच आपल्याला धक्का बसला होता. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

मला त्यातलं गणित आवडलं. चार चार मोजत गेलं की ते निसटायचं. मी मांडीवर बोटं आपटत मोजायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला सापडलं. तीन, दोन, दोन. सात. मी ओरडून सांगितलं. तुझे बाबा आत दाढी करत होते, तिथूनच म्हणाले, ‘रूपक तो. त्येका काय एवढा?’ म्हणजे हॉलंडच्या लोकांनी जे केलं होतं ते तुमच्या बाबांना नावासकट माहीत होतं. त्यानंतर ते गाणं आपल्या दोघींसाठी रूपकातलंच झालं.

तुला त्यातलं गणित आवडलं नाही, तुला सूर आवडले. दुपारी बाबा ड्यूटीवर गेले की तू त्यांची भजनाची पेटी ओढायचीस आणि त्या ऑर्गनचे चार सूर शोधायचीस. मला पेटीतलं काही कळायचं नाही. तूच शिकवलंस की काळ्या पट्ट्यांतली चौथी ती काळी चार, आणि डचवाल्यांचं घर तिथे आहे. ते हिंडून फिरून तिथेच परत येतात. तू भाता मारत ते इतकं संथ, इतकं ऐसपैस वाजवायचीस की मला वाटायचं खाडीवर भरतीचं पाणी चढतंय. मी कॉटवर उताणी पडून मोजत असायचे. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी त्याच.

मग लग्न, तुझं. नोकरी, माझी. तू मुलुंडला, मी बोरीवलीला. कॅसेटला बुरशी धरली आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत ती गेली. टेपरेकॉर्डर तुझ्या भावानं भंगारात दिला. तेव्हा आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. गाणं तोंडपाठ होतं.

इंटरनेट आलं तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल तर डचवाल्यांना शोधलं. सापडले. जिवंत होते. तुला बोरीवलीला बोलावलं, समोर चहा ठेवला आणि मोठ्या ऐटीत ते गाणं लावलं. मला वाटलं तू रडशील. तू कपाळाला आठ्या घालून ऐकत होतीस. मग म्हणालीस, ‘काय गं, हे कुठे निघालेत? गाडी सुटतेय का यांची?’

मी म्हटलं, ‘काहीतरीच काय. तेच तर आहे.’

‘तेच नाही. पट्टी चढी आहे. आणि धावतायत.’

‘तीस वर्षांनी तुला पट्टी आठवते?’

‘मला बाकी काही आठवत नाही यार, पट्टी आठवते.’

तू घरी गेलीस, पेटी काढून तपासलंस आणि फोन केलास. पांढरी सहामध्ये आहे, आपलं काळी चारमध्ये होतं. अख्खी एक पट्टी वर. मी हट्टाला पेटले की कॅसेटमध्ये गडबड असणार, त्या डच माणसानं भरताना चूक केली असणार. शेवटी दोघी मिळून विक्रोळीला बाबांकडे गेलो. ते तेव्हा निवृत्त होऊन तुझ्या भावाकडे असायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तो इस्क्रू मियाच फिरवलंय.’

गावच्या जत्रेतलं त्यांच्या बुवांचं भजन कुणीतरी टेप करून दिलं होतं. ते मशिनवर भरभर वाजायचं. ‘बुवांचो आवाज बायलेसारको येय होतो. मगे काय करूचा?’ म्हणून फिटर माणसानं टेपरेकॉर्डर उघडला, मोटरचा बारीक स्क्रू शोधला आणि बुवा बुवांसारखे ऐकू येईपर्यंत फिरवला. बुवा जागेवर आले. त्यानंतर त्या मशिनवर जे जे वाजलं ते सगळं बुवांच्या हिशेबानं संथ झालं. डचवालेही. आणि आमच्या घरी टेपरेकॉर्डर नसल्यामुळे मला दुसरं काही कळायचा प्रश्नच नव्हता.

बाबांसमोर आपण दोघी पोट धरून हसलो. त्यांना कळेना यात हसण्यासारखं काय आहे.

खरं म्हणजे तिथे वाद संपायला हवा होता. चूक सापडली, कारण सापडलं, कुणी केली तेही सापडलं. मी बाई आहे, मला उत्तर सापडलं की फळा पुसायची सवय. पण परतताना तू म्हणालीस, ‘बाबांनी बरोबर केलं.’

आणि पुढची सगळी वर्षं आपण यावरून भांडलो. मी म्हणायचे, ज्या माणसानं ते बनवलं त्यानं ज्या वेगात वाजवलं तो खरा. तू म्हणायचीस, तो तिकडे वाजवून मोकळा झाला, ऐकलं आपण. मी म्हणायचे, चुकीचं ऐकलं. तू म्हणायचीस, ‘तुझ्या दुपारी चुकीच्या होत्या का मग?’ यावर मी नुसता आवाज चढवायचे. विलास भावोजी पेपर खाली करून विचारायचे, काय झालं, आणि तू म्हणायचीस, काही नाही, स्क्रूचं चाललंय.

गंमत म्हणजे त्या भांडणातूनच आपला रविवार सुरू झाला. आता सगळ्या रेकॉर्ड फोनवर मिळत होत्या. तू म्हणालीस, एका गाण्यावरून एवढं भांडतोय, बाकीचे डचवाले तरी ऐकू. पहिल्या रेकॉर्डपासून ओळीनं. रविवारी चार वाजता फोन लावायचा, ‘एक दोन तीन, दाब’ म्हणायचं, फोन चालूच ठेवायचा आणि आपापल्या घरी, आपापल्या इअरफोनमध्ये एकाच वेळी ऐकायचं. एका कानात डचवाले, दुसऱ्या कानात तू. तुझी रेकॉर्ड दर वेळी क्षणभर मागे राहायची, कारण तुला ‘तीन’वर दाबायचं की ‘दाब’वर, हे कधीच ठरवता आलं नाही.

काय काय ऐकलं आपण. पहिल्या दोन रेकॉर्डमधली ती पोरं, ज्यांना एका गाण्यात सगळं कोंबायचं होतं. तू म्हणालीस, नव्या सुनेनं पहिल्या दिवशी सगळे मसाले घालावेत तसं झालंय. मग आपली ती रेकॉर्ड. तिच्यावर आपण मुद्दामच भांडलो नाही, गुपचूप ऐकली. मग बासरीवाला सोडून गेला आणि दोघींना वाईट वाटलं. मग जमाना बदलला, यांनी गाणी लहान केली, केस कापले, फोटोत चकचकीत जाकिटं घालून उभे राहिले. मी म्हटलं बंद कर, ऐकवत नाही. तू म्हणालीस, ‘पोट भरायला लागतं गं, नाचले थोडे तर काय झालं.’ गायक येत होते, जात होते. चौथ्याबद्दल तू म्हणालीस, आवाज झकास आहे पण पाहुण्यासारखा वाटतो. एकटा तो ऑर्गनवाला सगळ्यांत होता, पहिल्यापासून. बँड मोडला, परत जमला, परत मोडला, तो होता. तुला त्याच्याबद्दल फार माया. फोटोत तो म्हातारा होत गेलेला आपण एकेका कव्हरवर पाहिला.

मग पांढरे केस झालेले सगळे परत एकत्र आले ती रेकॉर्ड. आवाज फाटले होते. वरचे सूर लागत नव्हते म्हणून त्यांनी आपली जुनी गाणी खालच्या पट्टीत घेतली होती. मी पहिल्यांदाच तुझ्या घरातून टाळी ऐकली. ‘बघ,’ तू म्हणालीस, ‘आले की नाही खाली?’ मी म्हटलं, वयानं आले, स्क्रूनं नाही. तू म्हणालीस, वय हाच स्क्रू. मी चिडले, कारण वाक्य चांगलं होतं.

कधी कधी तू मध्येच काहीतरी बोलायचीस आणि मी नीट लक्ष द्यायचे नाही. एकदा म्हणालीस, ‘काल डचवाल्यांनी मुलुंडला रडवलं.’ मला वाटलं, सोसायटीच्या हॉलमध्ये फोनवरून कुणाला ऐकवलं असशील. मी बरं म्हटलं आणि पुढची बाजू लावायला सांगितली. तू हसलीस फक्त.

शेवटची रेकॉर्ड तेवढी राहिली. त्यांनीच जाहीर करून टाकलं होतं की यानंतर नाही. तू म्हणालीस, ‘आत्ता नको. जरा बरं वाटू दे, मग नीट ऐकू.’ ती तशीच आहे. मी ऐकलेली नाही. ऐकेन का, माहीत नाही. ‘एक दोन तीन’ कुणाला म्हणू?

हॉस्पिटलमध्ये तू एकदाच काही मागितलंस. बाकी सगळ्यांना तू ‘काही नको’ म्हणत होतीस. मला म्हणालीस, ‘ते लाव ना.’ मी एक इअरफोन तुझ्या कानात घातला, एक माझ्या. थोडं ऐकून तू डोळे न उघडता म्हणालीस, ‘तुझ्या फोनमध्ये ते धावतं.’ त्या दिवशी मी वाद घातला नाही. व्हिडिओचा वेग कमी करायची सोय असते, ती शोधली आणि थोडा थोडा कमी करत नेला. पण त्यानं वेग तेवढा उतरतो, सूर जिथल्या तिथे राहतो. पट्टी तीच, पांढरी सहा, आणि त्यात सगळे पाय ओढत चाललेले. तू ऐकलंस आणि मान हलवलीस. ‘हे दमलेत शैले. आपले दमलेले नव्हते. संथ होते.’ आणि माझा हात थोपटलास, जसं काही चूक माझी नाही असं मला सांगतेयस.

ते मला तुला देता आलं नाही. एवढं एक मागितलंस आणि जगात ते कुठेच नव्हतं. कॅसेट गेली, मशिन गेलं, बाबा गेले. ते गाणं त्या वेगात आणि त्या पट्टीत फक्त दोन डोक्यांत उरलं होतं, तुझ्या आणि माझ्या.

तू गेल्यावर मी पहिल्यांदा हाच विचार केला, आणि मला त्याची लाज वाटत नाही. लोक तुझ्या आठवणी काढत होते आणि मी तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात बसून ते चार सूर आठवायचा प्रयत्न करत होते. येईनात. दर वेळी फोनवालं यायचं, धावणारं. इतक्या रविवारी तेच ऐकलं होतं ना. घरी येऊन खिडकीपाशी बसले, मांडीवर मोजलं, तीन, दोन, दोन. सात बरोबर यायचे, सूर यायचा नाही. तू असतीस तर फोनवर नुसतं गुणगुणली असतीस आणि काम झालं असतं. तेव्हा मला खरं कळलं की तू गेलीस. त्याआधी नुसतं माहीत होतं. या घरात मी एवढी वर्षं एकटी राहिले, पण एकटी आहे असं मला त्या दिवशी वाटलं. आपल्याला जे आठवतं ते बरोबर की चूक, हे सांगायलासुद्धा दुसरं माणूस लागतं.

आणि परवा बारावं.

लिंक रोडच्या बसनं आले. जेवणं झाली आणि विलास भावोजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘आता तिच्या मंडळाचं भजन आहे. तुम्हाला थांबायचं नसेल तर रिक्षा बघू का?’ मला त्यांचं फार बरं वाटलं. मी म्हटलं, बसते दाराजवळ. तुझ्यासाठी थांबले. भजनासाठी नाही, हे तुला सांगायला नको.

तुझ्या मंडळातल्या बायका एकसारख्या फिक्या साड्या नेसून आल्या होत्या. तुझी पेटी मधे ठेवली होती. पेटीवर सुलभा नावाच्या एक बाई बसल्या, उंच आवाजाच्या. तूच त्यांना पेटी शिकवलीस असं कुणीतरी सांगत होतं. शेजारी ढोलकीवाली, बाकीच्यांच्या हातात टाळ. त्यांनी अभंग म्हटले. मी समोर तुझ्या फोटोकडे बघत होते. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून मोठा केलेला आहे, त्यात तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेस. शेजारी कुणाशी तरी बोलता बोलता काढलेला. ते शेजारचं कुणीतरी मी आहे. माझा खांदा दिसतो थोडा.

मग सुलभाताई म्हणाल्या, ‘आता नंदाताईंचा गजर घेऊ.’

गजर म्हणजे काय असतो ते मला ऐकून माहीत होतं, शेवटी सगळ्यांनी मिळून देवाचं नाव घ्यायचं. मी पर्स खांद्याला लावली, निघायची वेळ झाली म्हणून. पेटी सुरू झाली. आणि माझा हात मांडीवर आपटायला लागला. मला काय होतंय ते कळायच्या आधी हात मोजत होता. तीन, दोन, दोन. मी हाताकडे बघितलं आणि मग ऐकलं.

चार सूर, एकेक पायरी खाली.

नंदा, तो ऑर्गन होता. तुझ्या पेटीवर, तुमच्या मुलुंडच्या हॉलमध्ये, सतरंजीवर. त्या न कळणाऱ्या इंग्रजीच्या जागी रामकृष्णहरी होतं आणि बासरीच्या जागी बायकांचे आवाज होते, पण वळणं तीच, सगळी. जिथे मारामारी सुरू होते तिथे टाळ आले. आणि धावत नव्हतं. दमलेलंही नव्हतं. कॉटवर उताणं पडून मी जसं ऐकलं होतं तसं, ऐसपैस. मला आठवत नव्हतं ते अख्खं समोर वाजत होतं आणि वीस बायका ते तोंडपाठ म्हणत होत्या.

स्मशानात मी रडले नव्हते. तिथे रडले, चांगली हुंदके देऊन. शेजारच्या बाईंना वाटलं मी भजनात रंगले, त्यांनी त्यांचे टाळ माझ्यापुढे केले. मी नाही म्हणून मान हलवली. हात मोकळा नव्हता.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? मला तुझ्याकडे बघायचं होतं. अख्ख्या खोलीत हे कुठून आलंय हे फक्त मला माहीत होतं. रॉटरडॅम, मामाची बोट, चर्चमधली मारामारी, बुवांचा चिरका आवाज, स्क्रू. इतकी मोठी गंमत तू माझ्यासाठी कधीपासून मांडून ठेवली होतीस आणि ती कळल्यावर हसायला शेजारी कुणी नव्हतं. तू फोटोत दुसरीकडेच बघत होतीस. तू मला सांगितलं का नाहीस, हे मी विचारणार होते. पण सांगितलंच होतंस की. मुलुंडला रडवलं म्हणालीस, आणि मी पुढची बाजू लाव म्हटलं.

सगळं आटपल्यावर सुलभाताई पेटीचा भाता बंद करत होत्या. मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, ही चाल कुणाची.

‘नंदाताईंचीच की. दुसरं कोण सात मात्रांत गजर बसवणार, सांगा? आमची तर वाट लागली होती. टाळ चुकायचे, ही ढोलकीवाली रडकुंडीला यायची. पण ऐकतील तर शप्पथ. आणि पट्टी तर हलवूच द्यायच्या नाहीत. मला काळी चार खाली पडते हो. मी म्हटलं, पांढरी सहामध्ये घेऊ या ना, एक पट्टी तर वर. तर म्हणाल्या, नको, मग ते धावायला लागतं.’ त्यांनी भाता अडकवला. ‘आता काय धावतं त्यात? मला कधी कळलं नाही ते.’

मला कळलं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

‘कुठली आहे ते सांगितलं का कधी?’ मी विचारलं.

‘माहेरची म्हणायच्या. चाल माहेरची, आणि लय वडिलांनी लावून दिलेली, म्हणून बदलायची नाही.’ त्यांनी पेटीवर कापड घातलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. ‘तुम्ही त्यांच्या माहेरच्या का?’

मी म्हटलं, हो.